‘आत पाणी गेलंय’ म्हणून वॉरंटी नाकारली. आता नवा लॅपटॉप घेताना काय बघावं?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा यंदा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लागतोय, बजेट 70,000 रुपयांच्या आत. ठाण्यातल्या शोरूममध्ये जो लॅपटॉप पसंत पडला तोच ऑनलाइन 4,000 रुपयांनी स्वस्त दिसतोय. पण घरात भीती बसली आहे. मुलीचा लॅपटॉप गेल्या पावसाळ्यात वॉरंटीत असतानाच बंद पडला, आणि सर्व्हिस सेंटरने ‘आत पाणी गेलंय’ म्हणून मदरबोर्डचे 28,000 रुपये मागितले. तो तसाच कपाटात पडून आहे. तर नवा कुठून घ्यावा, कुठल्या कंपनीचा घ्यावा, आणि एक्स्टेंडेड वॉरंटीला पैसे घालावेत का?

ताई, मी सुरुवातीची काही वर्षं एका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर काम केलं आणि नंतर नौपाड्यात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. काउंटरच्या दोन्ही बाजू मी बघितल्या आहेत. आधी कपाटातल्या लॅपटॉपबद्दल बोलतो, कारण ते प्रकरण अजून संपलेलं नाही आणि नवा घेताना काय सांभाळायचं हेही त्यातूनच कळेल.

सर्व्हिस सेंटर म्हणजे बहुतेक वेळा कंपनी नसतेच. कंपनीने नेमलेली ती वेगळी फर्म असते. तुमच्यासमोरचा इंजिनिअर लॅपटॉप उघडतो, फोटो काढतो आणि कंपनीच्या सिस्टीमवर चढवतो. पार्ट मंजूर करायचा की नाही हे दुसऱ्याच शहरात बसलेलं कोणीतरी ते फोटो बघून ठरवतं. मदरबोर्डवर जरासा पांढरा-हिरवा थर दिसला, किंवा पाणी लागल्यावर रंग बदलणारं छोटं स्टिकर लाल झालेलं दिसलं, की केसवर ‘सीआयडी’ असा शेरा पडतो. म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान. एकदा हा शेरा पडला की समोरच्या इंजिनिअरशी भांडून उपयोग नसतो, तो काढणं त्याच्या हातात नसतं. तुम्ही तिथे तासभर वाद घालून आलात असं लिहिलंय. तो तास चुकीच्या माणसावर खर्च झाला.

आता आपल्याकडची हवा. ऐरोली, वाशी, कोपरी, कळवा हा सगळा खाडीकाठ. पावसाळ्यात हवेत ओल असतेच, वर खारेपणा. महाप्याच्या एसी ऑफिसात दिवसभर गार झालेला लॅपटॉप बाहेरच्या दमट हवेत काढला की आतल्या थंड धातूवर बाष्प जमतं. असं वारंवार झालं की एक थेंबही न सांडता बोर्डावर गंज दिसू लागतो. मात्र सांडलेलं पाणी आणि हवेतली ओल यांच्या खुणा वेगळ्या असतात. चहा-पाणी सांडलं असेल तर डाग सहसा कीबोर्डखालून सुरू होतो, एका दिशेने ओघळतो आणि सुकल्यावर त्याची कड राहते. ओलीचा गंज विखुरलेला असतो: पंखा जिथून हवा ओढतो त्या वाटेवर, कनेक्टरच्या पिनांवर, थोडा इथे, थोडा तिथे. टेबलावरच्या माणसाला हा फरक दिसतो. दूर बसून दोन फोटो बघणाऱ्याला तो दिसेलच असं नाही.

म्हणून आता कंपनीच्या, सर्व्हिस सेंटरच्या नव्हे, कस्टमर केअरला ईमेल करा. केस नंबर, सीरियल नंबर, जॉबशीटचा (लॅपटॉप जमा करताना सही करून घेतात तो कागद) फोटो जोडा आणि तीन गोष्टी मागा: नुकसान दिसतं त्या जागेचे मूळ फोटो, वॉरंटीच्या कुठल्या अटीखाली नकार दिला ते लेखी, आणि कंपनीच्या स्वतःच्या इंजिनिअरकडून फेरतपासणी. फोनवर काहीही ठरलं तरी लगेच ‘आपलं आज असं बोलणं झालं’ एवढी दोन ओळींची मेल टाकायची. कंपनीच्या एस्कलेशन टीमपर्यंत, म्हणजे वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत, पोचलेल्या आणि कागद नीट असलेल्या केसेसचा शेरा बदललेला मी बघितला आहे. आणि तोवर तो लॅपटॉप कोणाकडेही, माझ्याकडेसुद्धा, दुरुस्त करून घेऊ नका. बोर्ड साफ केला की पुरावा गेला. ग्राहक आयोगाला वस्तू प्रयोगशाळेत पाठवून तपासून घेण्याचा अधिकार आहे, पण तपासायला मूळ स्थिती शिल्लक हवी.

त्यानेही काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, मराठीतून बोलता येतं. तिथून तक्रार थेट कंपनीकडे पाठवली जाते, आणि बरीच प्रकरणं याच पायरीवर मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथेच तक्रार करता येते. बिलावर ‘वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात’ असं छापलेलं असलं तरी ऐरोलीकरांना ठाणे जिल्ह्याच्या आयोगापुढे जाता येतं. (खारघर, कामोठे, पनवेल नवी मुंबईत धरतात खरं, पण जिल्हा रायगड, तिथल्यांनी हे ध्यानात ठेवावं.) वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. मुदत मात्र 2 वर्षांची. तुम्हाला गेल्या पावसाळ्यात नकार मिळालाय, म्हणजे अजून वेळ आहे.

एक प्रश्न मला दुकानदार मंडळी नेहमी विचारतात, तो इथेच सांगून टाकतो. जीएसटीचं क्रेडिट मिळावं म्हणून लॅपटॉप फर्मच्या नावावर घेतला तर उद्या समोरचा वकील ‘ही खरेदी व्यापारी कामासाठी, हे ग्राहकच नाहीत’ असा मुद्दा काढतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरत असाल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो, पण ते सिद्ध करत बसावं लागतं. मुलाचा लॅपटॉप घरातल्याच कोणाच्या तरी नावावर घ्या.

आता नवा लॅपटॉप. कुठल्या कंपनीचा, याला माझ्याकडे एका नावाचं उत्तर नाही. एकाच कंपनीचे दोन लॅपटॉप बांधणीत आणि सेवेत जमीन-अस्मानाचे वेगळे असतात. मी लोकांना आधी कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन त्या मॉडेलची वॉरंटी वाचायला सांगतो. ‘कॅरी-इन’ लिहिलं असेल तर लॅपटॉप तुम्ही घेऊन जायचा, ‘ऑनसाइट’ असेल तर इंजिनिअर घरी येणार. आपला पिनकोड टाकून सेवा कुठून मिळते तेही बघा. कॉलेज बाहेरगावी असेल तर तिथला पिनकोड टाका. मग त्या शाखेचे अलीकडच्या सहा महिन्यांतले अभिप्राय वाचा. सगळ्या देशातले वाचून काही कळत नाही. सत्तर हजारांत चकचकीत गेमिंग लॅपटॉपही येतो आणि थिंकबुक, एक्स्पर्टबुक, प्रोबुक यांसारख्या ऑफिससाठी बनवलेल्या मालिकांतलाही येतो. पहिल्या वर्षाच्या मुलाला मी दुसरा सुचवेन. दिसायला साधे असतात, पण हिंज (स्क्रीनची बिजागरी) घट्ट, उघडायला सोपे, आणि ऑनसाइट वॉरंटीची मॉडेल्स त्यांत जास्त सापडतात.

रॅम 16 जीबी घ्या, आणि ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये, हे विचारा. पातळ लॅपटॉपमध्ये ती बरेचदा सोल्डर केलेली असते, मग 8 जीबी घेतली तर ती कायमची 8 जीबी. ‘नंतर वाढवून घेऊ’ म्हणून आलेल्या किती जणांना मी दुकानातून परत पाठवलंय.

प्रोसेसरच्या नावात नुसतं ‘आय फाइव्ह’ किंवा ‘रायझन फाइव्ह’ बघून भुलू नका, पूर्ण आकडा बघा. 2023 पासून आलेल्या रायझनच्या चार आकडी नावात तिसरा आकडा आतली रचना किती जुनी ते सांगतो. 7520यू आणि 7530यू शेजारी ठेवले तर फरक दहाचा वाटतो, पण पहिल्यात झेन 2 ही जुनी रचना आहे आणि दुसऱ्यात झेन 3 ही त्यानंतरची. इंटेलच्या नावाशेवटी यू असेल तर वीज कमी खातो, एच असेल तर ताकद जास्त, उष्णता जास्त, बॅटरी लवकर उतरते. पहिल्या दोन वर्षांच्या प्रोग्रामिंगला चांगला यू पुरतो.

स्क्रीनच्या तपशिलात ‘45 टक्के एनटीएससी’ दिसलं तर रंग फिके असतात. कोडिंगला चालेल, फोटो-व्हिडिओ करणाऱ्याला नाही.

4,000 रुपयांच्या फरकाकडे येतो. आधी खात्री करा की तो खरंच तोच लॅपटॉप आहे. मालिकेचं नाव सारखं असतं, पण शोरूमसाठी आणि ऑनलाइनसाठी वेगवेगळे उपप्रकार निघतात. कुठे स्क्रीन हलकी, कुठे रॅमचा स्लॉट नाही, कुठे वॉरंटी कॅरी-इन. शेवटच्या अक्षरांसकट पूर्ण मॉडेल नंबर जुळवा. तो तंतोतंत जुळला, विकणाऱ्याचं नाव कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांत असलं, आणि बिलावर सीरियल नंबर येणार असेल, तर ऑनलाइन घ्यायला माझी हरकत नाही. वॉरंटी कंपनीची असते, ती दोन्हीकडे सारखीच.

फरक पडतो तो पहिल्या आठवड्यात. नवाकोरा लॅपटॉप बिघडलेलाच निघाला तर कंपनीचा इंजिनिअर तपासून डीओए (डेड ऑन अरायव्हल, म्हणजे आला तोच बिघडलेला) लेटर देतो आणि त्यावर दुसरा पीस मिळतो. त्याची मुदत बहुधा सात-दहा दिवसांची असते. नौपाड्यातल्या किंवा वाशीच्या सेक्टर 17 मधल्या ओळखीच्या दुकानदाराकडून घेतला असेल तर तो स्वतः फोन करून हे करून देतो, त्याला गिऱ्हाईक टिकवायचं असतं. ऑनलाइनमध्ये तुम्हीच मेल लिहायच्या आणि तुम्हीच दिवस मोजायचे. तुमच्याकडे त्यासाठी वेळ आणि चिकाटी असेल तर चार हजार वाचवा. नसेल तर दुकानदाराला ऑनलाइनची किंमत दाखवून दीड-दोन हजार कमी करून घ्या. बहुतेक जण करतात. ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेणार असाल तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी धरूनच दोन्हीकडचे भाव ताडून बघा.

ऑनलाइन तक्रारीत एक नियम कामी येतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं असतं. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे. चॅटवर ‘तुमचा प्रश्न आम्हाला कळला’ म्हणणाऱ्याला सोडून थेट त्याला लिहा. आणि दुकानाच्या बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलेलं असलं तरी सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं आणि बिल न देणं, ही दोन्ही 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेली आहेत.

खोका घरी आल्यावर सील दिसेल असा, मधे न थांबवता व्हिडिओ काढा. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या पोटाखालचा आणि बायोसमधला (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा पडदा) सीरियल नंबर एकच आहे ना, बघा. खोक्यावर एमआरपी, उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि आयातदाराचं नाव असतं. लॅपटॉप आणि चार्जर, दोन्हींवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो नसेल तर माल आडवाटेने आलेला असू शकतो आणि पुढे वॉरंटीला अडचण येते. त्याच दिवशी पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी स्क्रीन लावून ठिपके बघा, सगळे पोर्ट, कॅमेरा, माइक, स्पीकर तपासा, विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून ठेवा. आणि तळ, कडा, हिंज यांचे स्पष्ट फोटो काढून स्वतःलाच मेल करा. वर्षभराने कोणी ‘हा ओरखडा आधीपासून होता का’ विचारलं तर दाखवायला तेवढेच असतात.

यानंतर कंपनीच्या साइटवर वॉरंटीची तारीख बघा. हे काम जवळजवळ कोणीच करत नाही. पुष्कळदा वॉरंटी कारखान्यातून किंवा गोदामातून माल निघाला त्या तारखेपासून मोजलेली असते. लॅपटॉप दुकानात चार महिने पडून असेल तर तुमचे चार महिने गेले. बिल अपलोड करून तारीख दुरुस्त करून घेता येते. नंतर, बिघाड झाल्यावर हे करायला गेलात तर केस तिथेच अडकते.

एक्स्टेंडेड वॉरंटीबद्दल माझं मत ठाम आहे: घ्यायची तर कंपनीची घ्या. शोरूमच्या काउंटरवर जी गळ्यात मारतात ती बरेचदा तिसऱ्याच कंपनीची असते, तिच्यात वर्षागणिक किंमत घटवलेली असते आणि क्लेमला तिचं वेगळं दार ठोठवावं लागतं. कंपनीची सहसा मूळ वॉरंटी संपायच्या आत कधीही घेता येते, म्हणून खरेदीच्या दिवशी घाई नको. सणांच्या ऑफरमध्ये ती स्वस्तही मिळते. एक ध्यानात ठेवा: वॉरंटी तीन वर्षांची केली तरी अनेक कंपन्या बॅटरीला एकच वर्ष देतात. अकराव्या महिन्यात पुन्हा बॅटरी रिपोर्ट काढा आणि मूळ क्षमतेच्या मानाने फारच उतरली असेल तर तेव्हाच तक्रार टाका.

त्याहून महत्त्वाचं आहे ते अपघाती नुकसानाचं संरक्षण. मुलगा ट्रान्स-हार्बर लोकलने कॉलेजला जाणार असेल तर मी ते घ्याच म्हणेन. सकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर जी रेटारेटी असते तिच्यात सॅकमधल्या लॅपटॉपची स्क्रीन दाबली जाते. फुटलेली स्क्रीन साध्या वॉरंटीत कधीच येत नाही, आणि सांडलेला चहाही नाही. हे संरक्षण मात्र खरेदीनंतर ठराविक दिवसांतच घेता येतं. वर्षाला किती क्लेम, आणि चोरी धरली आहे का, एवढं वाचून घ्या.

हिंजचं दुखणं वेगळं सांगतो, कारण माझ्या टेबलावर सर्वांत जास्त तेच येतं. स्वस्त लॅपटॉपमध्ये हिंजचे स्क्रू पातळ प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी बुशात असतात. हिंज कडक होत जातो, रोजच्या उघडझापीने बुश प्लास्टिकमधून निघतो आणि एक दिवस स्क्रीनचा कोपरा फाकतो. कळव्याच्या एका कॉलेजच्या मुलाचं असंच झालं. कंपनी म्हणाली, पडलाय. त्याच्याकडे तीन महिन्यांपूर्वीची एक मेल होती, ‘उघडताना कट् आवाज येतोय’ अशी, फोटोसकट. बाहेरून कुठेही आपटल्याची खूण नव्हती. तीन मेलनंतर त्याला वरचं कव्हर आणि हिंज वॉरंटीत बदलून मिळाले. ती पहिली मेल नसती तर काहीच हातात नव्हतं. आवाज आला, फट दिसली की त्याच दिवशी कळवा, चालतंय म्हणून थांबू नका. आणि मुलाला स्क्रीन कोपऱ्याला धरून नव्हे, वरच्या कडेच्या मधोमध धरून उघडायला शिकवा.

सर्व्हिसला देण्याआधी डेटा बाहेर काढा. जॉबशीटवर ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ हे बारीक अक्षरात असतंच, आणि तुमची सही त्याखाली असते. नव्या विंडोजमध्ये डिस्क बरेचदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. मदरबोर्ड बदलला की ती 48 आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण ते खातं कोणत्या मेलने उघडलं, पासवर्ड काय, हे दुकानदाराने सेटअप करून दिलेल्या लॅपटॉपवर कुणालाच ठाऊक नसतं. सेटअप मुलाच्या खात्यावर मुलालाच करू द्या आणि की कागदावर लिहून घरात ठेवा. लॅपटॉप बंदच पडला असेल तर देण्याआधी एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) काढून ठेवता येईल का, हे कंपनीला मेलवर विचारा. बऱ्याच कंपन्या स्वतःच ती काढण्याचं मॅन्युअल देतात, पण परवानगी लेखी असलेली बरी. लॉगिन पासवर्ड जॉबशीटवर लिहून देऊ नका, तपासणीपुरतं वेगळं खातं उघडून द्या.

जॉबशीटवर सही करण्याआधी बाह्य स्थितीच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. ‘ओरखडे, डेंट’ असं सरसकट लिहायची सवय असते. नसतील तर खोडून ‘बाह्य नुकसान नाही’ लिहायला लावा, आणि काउंटरवरच, जॉबशीट शेजारी ठेवून, चारही बाजूंचे फोटो घ्या. तक्रारीच्या रकान्यात ‘चालत नाही’ एवढंच नको; कधीपासून, काय केल्यावर, किती वेळाने हे येऊ द्या.

परत घेताना घाईने पिशवीत टाकून निघू नका. बदललेला पार्ट नवाच असेल असं नाही, नूतनीकरण केलेला पार्ट लावायची मुभा बहुतेक वॉरंटीच्या अटींतच असते. मात्र कुठला पार्ट बदलला ते सर्व्हिस रिपोर्टवर हवंच. मदरबोर्ड बदलला असेल तर बायोस उघडून तुमचाच सीरियल नंबर नव्या बोर्डात लिहिला आहे ना ते बघा. तो राहिला असेल तर साइटवर तुमची वॉरंटी दिसत नाही आणि पुढच्या तक्रारीला तुम्ही मालकच नाही असं सांगतात. विंडोज ॲक्टिव्हेट आहे का, चार्जर तुमचाच आहे का, तळाचे सगळे स्क्रू जागेवर आहेत का, कीबोर्डची प्रत्येक की चालते का, वायफाय पकडतं का, हे तिथेच, इंजिनिअरसमोर बघा. अर्धा तास जाईल. ‘समाधानकारक’ या शब्दापुढची सही त्यानंतरच करा, आणि रिपोर्टची प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.